पॅक-१२ कॉन्फरन्स नेमकी कशामुळे फुटली?

प्रश्न : केतकी, बॉथेल (वॉशिंग्टन राज्य)

नमस्कार. माझा भाचा पूलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकतो. त्याच्यामुळे आमच्या घरी शनिवारी कॉलेज फुटबॉल (अर्थातच अमेरिकी फुटबॉल) लागू लागले आणि हळूहळू मलाही त्याची गोडी लागली. चार प्रयत्नांत दहा यार्ड हा हिशेब आता कळतो. कळत नाही तो कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांचा, हिशेब.

१९१५ साली स्थापन झालेल्या पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सपर्यंत जिची परंपरा मागे नेली जाते, त्या पश्चिमेकडील विद्यापीठांच्या पॅक-१२ मधून जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बाहेर पडून बिग टेन या मध्यपश्चिमेतील कॉन्फरन्समध्ये जाण्याचे जाहीर केले. पुढच्या उन्हाळ्यात, २७ जुलैला, कोलोराडोने बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सचा रस्ता धरला. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी पाच विद्यापीठांनी काढता पाय घेतला : ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेली, तर अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ कडे. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) यांना चक्क अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, म्हणजे एसीसीने, सामावून घेतले. मागे राहिली ती वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट ही दोनच विद्यापीठे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. यांतली बहुतेक विद्यापीठे सरकारी आहेत. मग त्यांना असे मनाला येईल तेव्हा उठून जाता येते का? दुसरे असे की, 'टीव्हीचा पैसा' हे उत्तर जो तो देतो, परंतु टीव्ही पूर्वीही होता आणि पैसाही होता, तर मग हे सारे आताच का घडले? आणि तिसरे म्हणजे, स्थलांतर फुटबॉलसाठी झाले असेल तर लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनी न्यू जर्सीपर्यंत विमानाने का जावे? कोणी सविस्तर सांगितले तर आभारी राहीन. 'पैशाचा खेळ आहे' एवढेच सांगायचे असेल तर ते मला ठाऊक आहे.

उत्तर : अनिरुद्ध, ऑस्टिन

केतकीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरे त्यातूनच निघतात.

१९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे प्रक्षेपण हक्क एनसीएए ही मध्यवर्ती संस्था विकत असे, आणि कोणत्या संघाने किती वेळा टीव्हीवर दिसायचे हेही तीच ठरवत असे. १९८२ पासूनच्या करारात एका संघाला दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त सहा वेळा पडद्यावर येण्याची मुभा होती. यामागचा हेतू असा सांगितला जाई की, सर्वच सामने घरबसल्या दिसू लागले तर मैदाने ओस पडतील आणि दोन-चार बलाढ्य संघच सगळा पैसा खाऊन टाकतील. मोठ्या विद्यापीठांना ही वाटणी अर्थातच सलत होती. १९८१ च्या हंगामातील एक उदाहरण न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेले आहे. ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी हा देशातील दोन अग्रगण्य संघांचा सामना दोनशेहून अधिक टीव्ही केंद्रांनी दाखवला. त्याच शनिवार-रविवारचा सिटाडेल विरुद्ध अ‍ॅपलाचियन स्टेट हा सामना दाखवला चार केंद्रांनी. चारही संघांच्या पदरात पडलेली रक्कम मात्र सारखीच होती.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला आणि २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, एनसीएएची ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. विरोधात मत नोंदवणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते, जे स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. विद्यापीठीय खेळाला निव्वळ बाजाराच्या नियमांनी मोजू नये, असा त्यांच्या मतभेदाचा रोख होता. आजची स्थिती पाहता ते भिन्न मतपत्र पुन्हा वाचण्याजोगे आहे.

निकालानंतर लगेच पैशांचा पाऊस पडला नाही, हे मुद्दाम सांगतो. उलट एकदम खूप सामने बाजारात आल्यामुळे सुरुवातीला दर कोसळले. परंतु हक्क विकण्याचा अधिकार मध्यवर्ती संस्थेकडून सुटला तो कायमचा. काही वर्षे बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी एक संघटना करून एकत्र विक्री केली. पण १९९० मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने एकट्याने एनबीसी वाहिनीशी करार केला, पुढे दक्षिणेकडील एसईसी या कॉन्फरन्सने सीबीएस वाहिनीशी स्वतंत्र संधान बांधले आणि ती एकीही मोडली. तेव्हापासून कॉन्फरन्स ही शेजारपाजारच्या विद्यापीठांनी आपसात सामने ठरवण्यासाठी केलेली सोय राहिली नाही, तर हक्क विकणारा एक गट झाली. आणि विकणारा गट म्हटला की त्यात कोण असावे आणि कोण नसावे, याचा विचार भूगोलाने नव्हे तर किमतीने होऊ लागतो.

एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचे तसे झाले नाही, कारण तिच्या सर्व संघांनी हक्क एकत्र विकावेत यासाठी संसदेने १९६१ मध्येच कायदा करून तिला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. त्या कायद्यात विद्यापीठांचा समावेश नाही. आता तो करावा की नाही यावर वॉशिंग्टन डी.सी.मध्ये खल चालू आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे की, होय, जाता येते. कॉन्फरन्स ही स्वेच्छेने केलेली संघटना असल्यामुळे करारातील सूचना-कालावधी पाळला आणि बाहेर पडण्याची रक्कम भरली की ती कोणाला अडवू शकत नाही. सरकारी विद्यापीठाला विचारणारे फक्त त्याचे नियामक मंडळ. यूसीएलएच्या बाबतीत कॅलिफोर्नियाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये बरीच चर्चा करून परवानगी दिली. त्यानंतर, यूसीएलएच्या जाण्याने राज्याच्या त्याच विद्यापीठ-व्यवस्थेतील बर्कलीचे नुकसान होणार म्हणून, यूसीएलएने बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत असे २०२४ मध्ये ठरवले. एका घरातून दोन भावांनी वेगळे व्हावे आणि मिळवत्याने दुसऱ्याला पोटगी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

उत्तर : न्यूजर्सीकर

अनिरुद्ध यांनी पाया सांगितला. 'आताच का' याचा मधला टप्पा आमच्या राज्यातून गेला आहे, म्हणून तो मी सांगतो.

ऑगस्ट २००७ मध्ये बिग टेनने फॉक्स या टीव्ही कंपनीच्या भागीदारीत स्वतःची वाहिनी सुरू केली. पहिल्याच शनिवारी, १ सप्टेंबरला, त्या वाहिनीवर मिशिगन विरुद्ध अ‍ॅपलाचियन स्टेट हा सामना होता. देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला खालच्या विभागातील त्या छोट्या संघाने ३४-३२ असे हरवले आणि खेळाच्या इतिहासातील एक महान धक्का नोंदला गेला. गंमत अशी की, मिशिगनमधील असंख्य घरांना तो पाहताच आला नाही, कारण तिथल्या सर्वांत मोठ्या केबल कंपनीने ही वाहिनी तोवर घेतलीच नव्हती. (अनिरुद्ध यांच्या गोष्टीतील चार केंद्रांवाला संघ तो हाच.) दुसऱ्या वर्षी केबल कंपनीने करार केला.

त्या वाहिनीच्या उत्पन्नाचे गणित प्रेक्षकसंख्येवर नव्हते, हे लक्षात घ्या. ज्या राज्यात कॉन्फरन्सचे विद्यापीठ असेल तिथे प्रत्येक केबलधारक घरामागे दरमहा आकारले जाणारे शुल्क कितीतरी पट जास्त, आणि बाकीच्या राज्यांत अगदी किरकोळ. घरातील माणसे फुटबॉल पाहोत वा न पाहोत, बिलात ती रक्कम यायचीच. यावरून नोव्हेंबर २०१२ मध्ये बिग टेनने मेरीलँड आणि आमच्या न्यू जर्सीचे रटगर्स या विद्यापीठांना का बोलावले ते ध्यानात येईल. रटगर्सचा संघ फार मोठा होता अशातला भाग नाही. त्याच्याभोवती न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतील लाखो केबलजोडण्या होत्या. तसेच मेरीलँडभोवती वॉशिंग्टन डी.सी. आणि बॉल्टिमोरच्या.

मेरीलँडचे तर मला आश्चर्य वाटत नाही. १९५३ साली एसीसी ज्यांनी स्थापली त्यांतले ते एक. परंतु क्रीडा विभाग इतका डबघाईला आला होता की २०१२ मध्येच त्यांना सात खेळ बंद करावे लागले होते. एसीसीने बाहेर पडण्याबद्दल पाच कोटी वीस लाख डॉलर मागितले, प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटी तीन कोटी तेरा लाखांच्या आसपास तडजोड झाली. बिग टेनच्या उत्पन्नापुढे ती रक्कम सहज भरून निघण्याजोगी होती.

मग लोकांनी केबल सोडायला सुरुवात केली. एके काळी सुमारे दहा कोटी घरांत असलेली ईएसपीएन ही क्रीडा वाहिनी वर्षागणिक घरे गमावू लागली. न पाहणाऱ्यांच्या बिलातून पैसा काढण्याचा मार्ग आटत गेला, तसे खऱ्या प्रेक्षकांना महत्त्व आले. म्हणजे कोट्यवधी लोक त्याच क्षणी, जाहिरातींसकट पाहतील असा सामना हवा. असे सामने घडवू शकणारी विद्यापीठे मोजून वीस-पंचवीस. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांना २०२१ मध्ये एसईसीने घेतले, यूएससी आणि यूसीएलएला २०२२ मध्ये बिग टेनने घेतले, त्यामागे हाच हिशेब आहे. यूएससीच्या घोषणेनंतर दोन महिन्यांच्या आत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी मिळून सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. आमचे रटगर्स आज कोणी बोलावले असते का, याची मला शंकाच आहे. त्यांचा मुहूर्त चांगला लागला एवढे खरे.

उत्तर : मृणाल, सॅन होजे

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांतून असा समज होतो की जणू पॅक-१२ चे मरण अटळ होते. मला ते पटत नाही. त्याच वादळात बिग १२ चे दोन सर्वांत मोठे सदस्य, टेक्सास आणि ओक्लाहोमा, निघून गेले आणि तरीही ती कॉन्फरन्स आज सोळा सदस्यांसह उभी आहे. फरक कारभाराचा होता.

पॅक-१२ ने २०१२ मध्ये वाहिनी काढली ती एकट्याच्या मालकीची. बिग टेनने फॉक्सला सोबत घेतले होते आणि एसईसीनेही पुढे ईएसपीएनला घेतले. यांनी नफा कोणाशी वाटून घ्यायचा नाही असे ठरवले. परिणामी वाहिनीच्या बाजूने केबल आणि उपग्रह कंपन्यांशी भांडायला कोणी बलदंड भागीदार नव्हता, आणि डायरेक्टीव्ही या मोठ्या उपग्रह कंपनीने ती शेवटपर्यंत घेतली नाही. कार्यालय मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवस्तीत, जबर भाड्याच्या जागेत.

२०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा गेल्यामुळे बिग १२ हवालदिल झाली होती. तिच्यातील उरलेल्यांपैकी काहींना घेऊन विस्तार करण्याची संधी पॅक-१२ समोर होती. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी विस्तार करणार नाही असे जाहीर केले आणि त्याच सुमारास बिग टेन व एसीसीबरोबर सहकार्याची 'आघाडी' केली, जिच्यामागे लेखी करार नव्हता, परस्परांवरील विश्वास होता. वर्षही उलटले नाही तोच त्या आघाडीतील बिग टेनने पॅक-१२ ची लॉस एंजेलिसमधील दोन्ही विद्यापीठे उचलली.

यानंतरचा प्रसंग तर धडा म्हणून शिकवावा असा आहे. पॅक-१२ चा प्रक्षेपण करार २०२४ च्या उन्हाळ्यात संपणार होता, आणि बिग १२ चा त्यानंतर एक वर्षाने. म्हणजे बाजारात आधी जाण्याचा मान पॅक-१२ चा होता. बिग १२ चे नवे आयुक्त ब्रेट यॉरमार्क यांनी रांग मोडली : मुदत संपण्याची वाट न पाहता ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्सशी नवा करार केला, ज्यात प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सरासरी तीन कोटी सतरा लाख डॉलर मिळणार होते. दोन मोठ्या खरेदीदारांचा खिसा हलका झाला आणि वेळापत्रकातील जागाही भरल्या. पॅक-१२ चे आयुक्त जॉर्ज क्लिआव्हकॉफ 'करार लवकरच' असे महिनोन्‌महिने सांगत राहिले. १ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी सदस्यांपुढे ठेवला तो अ‍ॅपलचा इंटरनेटवरून वर्गणीदारांना सामने दाखवण्याचा प्रस्ताव, ज्यात विद्यापीठामागे वर्षाला हमीची रक्कम सुमारे अडीच कोटी डॉलर असल्याचे वृत्त होते आणि त्यावरची वाढ किती लोक वर्गणी भरतील यावर अवलंबून होती. कोणत्या विद्यापीठाच्या अध्यक्षाने वर्गणीदार गोळा करण्याची जोखीम पत्करावी? ४ ऑगस्टच्या सकाळी सर्वजण सही करतील अशी आशा होती. त्या सकाळी ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेनची निवड केली, तीही इतर सदस्यांच्या जवळपास निम्म्याच वाट्यावर.

माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या स्टॅनफर्ड आणि बर्कलीने तर याहून पडते घेतले. एसीसीत जागा मिळावी म्हणून त्यांनी सुरुवातीची अनेक वर्षे एक तृतीयांशाहून कमी वाटा मान्य केला. त्यांच्याबरोबर डॅलसहून आलेल्या एसएमयू या विद्यापीठाने नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या पैशांतला वाटा घेणार नाही असे सांगितले. अर्थात एसएमयूला धनाढ्य देणगीदारांचे पाठबळ आहे, आणि पहिल्याच हंगामात एसीसीचा अंतिम सामना व बारा संघांची राष्ट्रीय प्लेऑफ फेरी गाठून त्यांनी तो जुगार सार्थ ठरवला, हेही नमूद केले पाहिजे.

केतकी : सर्वांचे मनापासून आभार. मृणालताईंच्या उत्तरावरून एक उपप्रश्न. एसीसीतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ बाहेर पडू पाहत होते असे ऐकले होते, मग ते कसे अडकले? पॅक-१२ मधून दहाजण सुटले आणि एसीसीमधून एकालाही सुटता येत नाही, हे कसे?

उत्तर : अनिरुद्ध, ऑस्टिन

याचे उत्तर 'हक्क-प्रदान करार' या दस्तऐवजात आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्लीही तिथेच आहे. २०१० ते २०१३ च्या पळापळीनंतर कॉन्फरन्सना कळले की बाहेर पडण्याचा दंड पुरेसा नाही. श्रीमंत कॉन्फरन्स तो सहज पचवते. म्हणून सदस्यांनी आपल्या घरच्या मैदानावरील सामन्यांचे प्रक्षेपण हक्कच ठरावीक मुदतीसाठी कॉन्फरन्सच्या नावे लिहून दिले. आता विद्यापीठ गेले तरी त्याचे हक्क मागेच राहतात, आणि हक्कांविना येणाऱ्या पाहुण्याला नवी कॉन्फरन्स कशाला पंगतीला बसवील?

एसीसीने हे बंधन २०३६ पर्यंत बांधून घेतले होते. २०१६ मध्ये, ईएसपीएनने एसीसीसाठी वाहिनी काढून द्यावी या बदल्यात. तेव्हा तो शहाणपणा वाटला. पण पुढे एसईसी आणि बिग टेनचे आकडे दुप्पट झाले आणि एसीसीवाले जुन्या दरात अडकून पडले. फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ मध्ये आणि एसीसीतीलच क्लेमसन विद्यापीठाने मार्च २०२४ मध्ये दावे लावले. मार्च २०२५ मध्ये समेट झाला, ज्यानुसार प्रक्षेपणाच्या पैशांपैकी मोठा हिस्सा आता प्रेक्षकसंख्येप्रमाणे वाटला जातो आणि बाहेर पडण्याची रक्कम वर्षावर्षाला घटत २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येते. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनाही बिग १२ ची मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी, म्हणजे २०२४ मध्ये, एसईसीत जाण्यासाठी दोघांत मिळून दहा कोटी डॉलरवर पाणी सोडावे लागले.

पॅक-१२ चा हक्क-प्रदान करार मात्र प्रक्षेपण कराराबरोबरच २०२४ मध्ये संपत होता. म्हणजे ज्या क्षणी बाजार सर्वांत भुकेला होता, त्याच क्षणी या एकाच कॉन्फरन्सचे सर्व सदस्य मोकळे होते. मृणालताई म्हणतात तसा कारभार ढिसाळ होता हे खरेच. परंतु तितकाच ढिसाळ कारभार २०३६ च्या कुलपाआड असता तर तो खपून गेला असता. प्रेक्षकांच्या दृष्टीने ओरेगन आणि वॉशिंग्टन यांचे वजन एसीसीतील बहुतेक संघांपेक्षा कमी नव्हते. ओरेगनने तर बिग टेनमधील पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता विजेतेपद पटकावले.

उत्तर : विनायक, लिंकन (नेब्रास्का)

मला केवळ एक गोष्ट जोडायची आहे, कारण चर्चा फार पैशांवर गेली आहे. आमचे नेब्रास्का २०११ मध्ये बिग १२ सोडून बिग टेनमध्ये गेले. पैसा मिळाला, स्थैर्य मिळाले, आणि कोणीही परत जाण्याची भाषा करत नाही. पण नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांचा सामना हा या राज्याच्या वर्षाचा कळस असे. १९७१ च्या आभारप्रदर्शन दिनाचा, पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांच्या संघांतला तो ३५-३१ चा सामना येथील वयस्कर मंडळी आजही एकेक खेळी मोजून सांगतात. बिग १२ स्थापन होऊन तिचे उत्तर आणि दक्षिण असे विभाग पडले तेव्हाच तो दरवर्षी होईनासा झाला, आणि बिग टेनमध्ये गेल्यावर तर संपलाच म्हणायचा. आयोवाशी वैर जोपासण्याचा प्रयत्न चालू आहे, जमेलही. पण नेब्रास्काने शेवटचे कॉन्फरन्स-विजेतेपद १९९९ मध्ये मिळवले, तेही जुन्या घरात, हे कोणी नजरेआड करू नये.

उलट उदाहरणेही आहेत. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा २०११ नंतर बंद पडलेला सामना दोघेही एसईसीत आल्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा झाला. म्हणजे स्थलांतर परंपरा मोडते तशी जोडतेही. फक्त कोणती जोडायची हे ठरवताना राज्यातील लोकांना कोणी विचारत नाही. आणि हे नवे आहे असेही नाही : टेक्सासमधली जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये विसर्जित झाली तेव्हा चार विद्यापीठे बिग १२ मध्ये गेली आणि टीसीयू, एसएमयू, राइस व ह्यूस्टन यांना वाऱ्यावर सोडले गेले. त्यांच्यापैकी तिघांना मोठ्या कॉन्फरन्समध्ये परतायला सोळा ते अठ्ठावीस वर्षे लागली. राइस अजून बाहेरच आहे.

उत्तर : मृणाल, सॅन होजे

केतकीताईंचा तिसरा प्रश्न मागे पडला आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

फुटबॉलचा संघ नियमित हंगामात बारा सामने खेळतो, त्यांतले साधारण निम्मे बाहेरगावी, तेही बहुधा शनिवारी आणि खास विमानाने. त्याला लॉस एंजेलिसहून न्यू जर्सी फारशी जाचत नाही. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर यांचे हंगाम वेगळे असतात : सामने कितीतरी जास्त, आठवड्याच्या मधल्या वारी, आणि प्रवास पुष्कळदा साध्या विमानाने, बदलून बदलून. तीन तासांचा वेळेचा फरक, बुडालेली प्रात्यक्षिके, हॉटेलच्या खोलीत दिलेली परीक्षा, हे त्या मुलामुलींच्या वाट्याला येते. यातला विरोधाभास असा की, पॅक-१२ ची खरी थोरवी याच खेळांत होती. पाचशेहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदे तिच्या सदस्यांनी मिळवली, ती बहुतांशी जलतरण, टेनिस, व्हॉलीबॉल, वॉटरपोलो अशा खेळांत. त्यांच्या प्रक्षेपणाला बाजारात भाव नाही, म्हणून करार करताना त्यांचा विचारही नाही.

फुटबॉलपुरती वेगळी कॉन्फरन्स आणि बाकीच्या खेळांसाठी जवळपासची, हा उपाय अनेकांनी सुचवला आहे. तो अशक्य नाही. वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट यांनी एकाकी पडल्यावर दोन वर्षांसाठी आपले बास्केटबॉलसह बरेचसे खेळ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये नेले, तेव्हा प्रवास उलट आटोक्यात आला. ओरेगन स्टेटचा बेसबॉल संघ तर २०२५ मध्ये कोणत्याही कॉन्फरन्सविना खेळला आणि ओमाहाच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत गेला. परंतु मोठ्या कॉन्फरन्सना असे विभाजन नको आहे, कारण त्यांच्या वाहिन्यांना आठवडाभर दाखवायला बाकीचे खेळ हवेच असतात.

शिवाय ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'हाउस' खटल्यातील समेट मंजूर केला, ज्यामुळे विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठामागे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या कमाईतला वाटा मिळावा याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण तो पैसा बहुतांशी फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जाणार, आणि तेवढी रक्कम उभी करायची तर कमी उत्पन्नाच्या कॉन्फरन्समध्ये राहणे आणखी कठीण होणार. ज्या ग्रँट हाउसच्या नावाने हा खटला ओळखला जातो तो अ‍ॅरिझोना स्टेटचा जलतरणपटू होता, आणि जलतरणाचे संघच आता सर्वांत आधी कात्रीखाली येत आहेत.

केतकी : तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली. आता एवढेच सांगा की वॉशिंग्टन स्टेटचे पुढे काय? घरात रोज तीच चर्चा असते.

उत्तर : अनिरुद्ध, ऑस्टिन

वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट या दोघांनी हार मानली नाही, हे विशेष. सप्टेंबर २०२३ मध्येच त्यांनी व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात धाव घेतली की, सोडून जाणाऱ्यांना कॉन्फरन्सच्या मंडळात मत असू नये. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यामुळे पॅक-१२ चे नाव, उरलेली मालमत्ता आणि येणे असलेला पैसा यांचा ताबा या दोघांकडे आला. एनसीएएच्या नियमांनुसार आठ सदस्य जमवायला दोन वर्षांची सवलत होती. त्या काळात त्यांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्सशी सामने ठरवून वेळ मारून नेली आणि मग तिचेच पाच सदस्य ओढले : बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट. जे आपल्यावर झाले तेच त्यांनी पुढच्यावर केले, आणि त्या ओढाओढीच्या भरपाईवरून दोन्ही कॉन्फरन्स पुन्हा कोर्टात गेल्या. टेक्सास स्टेट आठवे. गोंझागा नववे, परंतु त्यांच्याकडे फुटबॉल नाही. १ जुलै २०२६ ही या नव्या पॅक-१२ ची सुरुवातीची तारीख. सीबीएसशी करारही झाला आहे, मात्र आकडे जुन्या पॅक-१२ च्या जवळपासचे असतील अशी अपेक्षा ठेवू नका.

राज्यातल्याच वॉशिंग्टन विद्यापीठाशी दरवर्षी होणारा अ‍ॅपल कपचा सामना २०२८ पर्यंत चालू ठेवण्याचा करार दोन्ही विद्यापीठांनी केला आहे, फक्त तो नोव्हेंबरऐवजी सप्टेंबरमध्ये होतो. कॉन्फरन्स वेगळ्या झाल्यावरचा पहिला सामना २०२४ मध्ये सिअ‍ॅटलला झाला आणि तो वॉशिंग्टन स्टेटने २४-१९ असा जिंकला, हे आपल्या घरात सांगण्याची गरज नसावी.

त्यापुढचे पाहायचे असेल तर तारखांकडे लक्ष ठेवा. बिग टेनचा करार २०३० मध्ये संपतो, बिग १२ चा आणि नव्या पॅक-१२ चा २०३१ मध्ये, आणि एसीसीतून बाहेर पडण्याचा दरही त्याच सुमारास सर्वांत खाली येतो. एसईसी मात्र ईएसपीएनशी २०३४ पर्यंत बांधलेली आहे. माझा अंदाज विचाराल तर पुढची फुटाफूट २०२९ च्या उन्हाळ्यातच सुरू होईल, आणि या वेळी पहिला नंबर एसीसीचा असेल.